दह्यासाठी, पाकासाठी आणि कोजागरीच्या दुधासाठी थर्मामीटर कसा निवडावा

आपल्या मंडळातल्या एका आजींचे दही गेल्या हिवाळ्यात लागेनासे झाले. चाळीस वर्षे ज्यांच्या घरचे विरजण शेजारपाजारी जात होते, त्यांच्याच पातेल्यात सकाळी कधी पाणचट दूध, तर कधी चिकट तार सुटलेले दही निघू लागले. आधी दूध बदलले, मग विरजण बदलले, शेवटी पातेलेही बदलले. कारण सापडले ते वेगळेच. आजींना बरीच वर्षे मधुमेह आहे, आणि त्यामुळे त्यांच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे. करंगळी बुडवून दूध ‘बरोबर कोमट’ झाले की नाही हे त्यांना पूर्वी क्षणात कळे. आता दूध पन्नास अंशांच्या वर असले तरी त्यांना ते कोमटच वाटत होते, आणि त्या गरम दुधात विरजण मरत होते.

त्याच सुमारास त्यांचे परदेशात राहणारे जावई सुट्टीवर आले होते. ते तिकडे हौसेने घरी बिअर बनवतात. त्यांनी आपल्या सामानातला लांब दांडीचा, गोल तबकडीचा थर्मामीटर आजींना दिला आणि म्हणाले, ‘‘आई, बोट घालू नका. हा घाला.’’ पुढच्या मासिक बैठकीत आजींनी तो पिशवीतून काढून सगळ्यांना दाखवला, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. बिअरचा थर्मामीटर दह्याला चालतो का? गुजरातमध्ये तो बाळगणे चालते का? घरातला तापाचा थर्मामीटर का नाही वापरायचा? मिलमध्ये असतो तसला आणला तर?

त्या दिवशी अर्धवट राहिलेली उत्तरे आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

आधी कायद्याचे

आपण कडोदऱ्यात राहतो, म्हणजे दारूबंदीच्या राज्यात राहतो. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे राज्य झाल्यावर इथे कायम राहिला. आज तो गुजरात दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्याखाली घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती असो की पाहुण्यापुरती. परदेशातल्या आपल्या मुलांची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरापुरती मोकळीक मिळाली. तिकडे जे सहज चालते ते इकडे चालत नाही, हे सुट्टीवर येणाऱ्यांना घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे.

थर्मामीटर मात्र केवळ मोजण्याचे साधन आहे. तो दुधात घातला की दुधाचा, पाकात घातला की पाकाचा.

बिअरवाल्यांना तो लागतो कशाला

हे समजून घेतले की आपल्या दह्याचे गणितही उलगडते. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. तेवढ्या उष्णतेत धान्यातील पाचक द्रव्ये पिठाची साखर करतात. पाणी फार गरम झाले तर ती द्रव्येच निकामी होतात. मग तो रस उकळतात, साधारण २० अंशांपर्यंत निववतात आणि तेव्हाच त्यात यीस्ट घालतात. गरम रसात घातले तर यीस्ट मरते.

पूर्वी हे सगळे अंदाजानेच चाले. डॅनियल फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास काचेच्या नळीतला पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर बनवला. त्यानंतरही अनेक बिअरवाले कित्येक वर्षे हाताच्या अंदाजावरच काम करीत राहिले. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून यांनी १७५८ साली बिअर बनवण्यावर पुस्तक लिहिले, त्यात थर्मामीटर वापरण्याचा आग्रह धरला. पुढे उष्णता आणि काम यांचे नाते मोजणारा जेम्स जूल हा सॅल्फर्डच्या बिअर कारखानदाराचा मुलगा. अंशाचा अगदी बारीक भाग वाचण्याबद्दल त्याची ख्याती होती. शाळेत मुले ‘जूल’ हे एकक शिकतात ते त्याच्याच नावाचे.

विरजण काय आणि यीस्ट काय, दोन्ही जिवंत आहेत. त्यांना झेपेल एवढीच ऊब लागते. म्हणूनच बिअरवाल्याचे साधन आजींच्या पातेल्याला उपयोगी पडले.

आपल्या स्वयंपाकघरात किती अंश लागतात

प्रत्येक पदार्थाला थर्मामीटर लावायची गरज नाही. वरण-बट्टी, शेवभाजी, पुरण, कुरडईचा चीक, बिबड्यांचे पीठ यांना डोळा, हात आणि वास पुरतो. पुढील कामांत मात्र चार-पाच अंशांनी फरक पडतो. सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

• दूध तापवणे: घट्ट दह्यासाठी ८५ ते ९० अंशांवर पाच-दहा मिनिटे. यामुळे दुधातील प्रथिनांची घडण बदलते आणि दही पाणी कमी सोडते.

• विरजण लावणे: ४२ ते ४५ अंश. ५० च्या वर विरजण मरू लागते. ३० च्या खाली फार सावकाश लागते.

• एकतारी पाक: साधारण १०४ ते १०६ अंश. रव्याच्या लाडवांच्या पाकासाठी इथूनच पुढे लक्ष ठेवावे.

• मऊ गोळीचा पाक: ११२ ते ११६ अंश. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की मऊ गोळी वळते. गुऱ्हाळात गुळाची काहिलीही साधारण ११६ ते ११८ अंशांच्या आसपास उतरवतात.

• कडक गोळीचा पाक: १२१ ते १३० अंश.

• चिक्कीचा पाक: साखरेचा असेल तर १४६ ते १५४ अंश. गूळ लवकर करपतो, म्हणून गुळाच्या चिक्कीला थोडे आधीच थांबावे.

• तळण: चकली, शेव, पुऱ्या यांना १७० ते १८० अंश. शंकरपाळ्यांना आच कमी लागते, १५० ते १६० पुरे.

• शिजवलेला पदार्थ गरम राखणे: ६० अंशांच्या वर. थंड राखणे: ५ अंशांच्या खाली. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा.

पाकाच्या आकड्यांत कढईगणिक एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे होईल. पहिल्या दोन-तीन वेळा थर्मामीटर आणि बोटांची तार दोन्ही पाहावे. दोन्ही जुळले तो आकडा वहीत लिहून ठेवावा. तो आपल्या घरचा आकडा.

तापाचा थर्मामीटर स्वयंपाकघरात कधीही नको

हे आम्ही मुद्दाम ठळक लिहीत आहोत, कारण बैठकीत निदान चार घरांनी ‘‘आम्ही तोच वापरतो’’ असे सांगितले.

तापाचा काचेचा थर्मामीटर फक्त ३५ ते ४२ अंशांसाठी बनवलेला असतो. विरजणाचे दूध ४५ अंशांचे, म्हणजे त्याच्या मोजमापाच्या पलीकडचे. तो गरम दुधात घातला की आतला पारा फुगतो, त्याला वर जायला जागा राहत नाही, आणि नळी फुटते. जुन्या थर्मामीटरमध्ये पाराच असतो. पारा दुधात गेला तर ते दूध उकळून, गाळून काहीही होत नाही. ते प्यायचे नाही, जनावरालाही घालायचे नाही.

पाऱ्याच्या वस्तू जगातून कमी करण्यासाठी २०१३ साली जपानमध्ये मिनामाता करार झाला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. तरीही आपल्या कपाटांत जुने थर्मामीटर पडून आहेत. असा एखादा फुटलाच तर मुलांना खोलीबाहेर काढावे आणि खिडक्या उघडाव्यात. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, त्याने पारा बारीक होऊन पसरतो आणि त्याची वाफ हवेत मिसळते. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र लोटून झाकणाच्या बाटलीत घ्यावेत आणि बाटली घट्ट बंद करावी. ते मोरीत ओतू नयेत. उघड्या हाताने उचलू नयेत, आणि अंगठी-बांगड्या आधी काढाव्यात, कारण पारा सोन्याला धरतो.

डिजिटल तापाचा थर्मामीटरही चालणार नाही. तो दुधात फुटणार नाही, पण ४२-४३ अंशांच्या पुढे आकडा दाखवणेच बंद करतो. शिवाय जो काखेत किंवा तोंडात धरला तो दुधात घालणे हे स्वच्छतेलाही धरून नाही.

शाळेच्या किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेतून आलेला काचेचा थर्मामीटरही टाळावा. आतले द्रव चंदेरी दिसले तर तो पाऱ्याचा समजावा. लाल किंवा निळे दिसले तर बहुधा अल्कोहोलचा. पण काच ती काचच, आणि पातेल्यात फुटलेली काच दिसत नाही.

चार प्रकार आणि त्यांचे गुणदोष

पहिला: तबकडीचा. जावईबापूंनी दिलेला हाच. दांडीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्यांची जोडून केलेली गुंडाळी असते. तापल्यावर दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, गुंडाळी पीळ घेते आणि काटा फिरतो. याला सेल लागत नाही, पडला-झडला तरी सहसा चालतो. पण ती गुंडाळी दांडीच्या खालच्या पाच-सात सेंटिमीटर भागात असते. तेवढा भाग बुडला नाही तर आकडा चुकतो. अर्धा लिटर दुधाच्या पातेल्यात तेवढी खोली मिळत नाही. शिवाय बिअरच्या थर्मामीटरची मोजपट्टी बहुधा १०० अंशांच्या जवळपास संपते, त्यामुळे पाकाला आणि तळणाला तो निरुपयोगी.

दुसरा: डिजिटल काडीचा. पेनासारखा असतो, टोकाला बारीक पोलादी काडी आणि वर आकडे दाखवणारी पट्टी. टोकाच्याच भागात संवेदक असल्यामुळे दोन सेंटिमीटर दुधातही मोजतो. काही सेकंदांत आकडा स्थिर होतो. बहुतेकांची मर्यादा २०० अंशांच्या पुढे असते, म्हणजे दही, पाक, तळण तिन्ही आले. साधा नग साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. घरासाठी आमची शिफारस याचीच.

तिसरा: वायरचा. काडी पातेल्यात आणि आकड्याची डबी बाहेर, मध्ये वायर. ठरवलेला आकडा आला की घंटी वाजते. चिक्की किंवा मोठ्या प्रमाणात लाडू करणाऱ्यांना बरा. वायर कढईच्या कडेला किंवा ज्योतीला लागली की जळते, हा त्याचा दोष.

चौथा: पिस्तुलासारखा, लांबून लाल ठिपका टाकणारा. मिलमध्ये काम करणाऱ्या मंडळींना हा ठाऊक आहे. हा फक्त वरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो. दुधावर साय आणि वाफ असेल तर आतले दूध किती गरम आहे हे त्याला कळत नाही. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर तर तो हमखास चुकतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांतून बाहेर टाकतो. तवा तापला का हे पाहायला ठीक, दह्याला नाही. आणि तो लाल ठिपका कोणाच्याही डोळ्यांवर पाडू नये.

मिलमधला आणला तर?

आपल्या मंडळातली निम्मी घरे कडोदरा, पलसाणा, पांडेसरा या भागांतल्या प्रोसेस हाउसवर चालतात. पॉलिएस्टर रंगवताना जेट मशीनमध्ये पाणी दाबाखाली १३० अंशांपर्यंत न्यावे लागते. तिथे पाच अंश चुकले तर रंग नीट बसत नाही आणि पूर्ण लॉट परत करावा लागतो, हे आपल्या दादांना आम्ही सांगायला नको. म्हणूनच घरी पाकाचा आकडा समजावून सांगायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही.

पण मिलमधली काडी घरी आणू नये. ती रंगात, सोड्यात, ॲसिडमध्ये बुडालेली असते आणि तिची मूठ-सांधे धुऊन स्वच्छ होत नाहीत. खाण्याच्या पदार्थाला लागणारा थर्मामीटर नवा घ्यावा आणि दुसऱ्या कशालाही वापरू नये.

विकत घेताना काय पाहावे

१. मर्यादा: वेष्टनावर निदान ० ते २०० अंश सेल्सिअस लिहिलेले असावे. फक्त दह्यासाठी हवा असेल तर १०० पुरे.

२. अचूकता: अधिक-उणे एक अंश. दोन अंशांपर्यंत घरगुती कामाला चालते, त्यापुढे नको.

३. काडीची लांबी: हात वाफेत जाणार नाही इतकी. बारा-पंधरा सेंटिमीटर बरी.

४. टोक: स्टेनलेस स्टीलचे, जिथे अन्न अडकेल अशी खाच नसलेले.

५. सेल्सिअस–फॅरनहाइट बटण: चुकून दाबले जाते आणि घोटाळा होतो. ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ फॅरनहाइट. पट्टीवर ‘११३’ दिसले आणि दूध कोमटच लागत असेल, तर आधी ते बटण पाहावे.

६. आकडे मोठे असावेत. आजी-आजोबा वापरणार असतील तर हाच पहिला निकष धरावा. दुकानात चष्मा न लावता वाचून पाहायला सांगावे.

७. सेलचे झाकण: आत बटणासारखा छोटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. झाकण सहज निघत असेल तर त्यावर पक्की चिकटपट्टी लावावी. जुना सेल ओट्यावर ठेवू नये. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

खरा आहे की नाही, घरीच तपासा

नवा थर्मामीटर आणल्यावर, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी, ही तपासणी करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

बर्फाची कसोटी: ग्लास ठेचलेल्या बर्फाने भरावा, फटी भरतील एवढेच पाणी घालावे, ढवळून दोन-तीन मिनिटे थांबावे. काडीचे टोक मधोमध धरावे, काचेला टेकवू नये. आकडा ० यायला हवा.

उकळत्या पाण्याची कसोटी: खळखळ उकळत्या पाण्यात टोक बुडवावे, तळाला टेकवू नये. कडोदरा समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, त्यामुळे इथे जवळजवळ १०० अंश दिसायला हवेत. साधारण दर ३०० मीटर उंचीला उकळबिंदू एक अंशाने उतरतो. त्यामुळे गावाकडे नंदुरबार-धुळ्याला ९९ च्या जवळ दिसले, किंवा तोरणमाळला ९६ च्या आसपास, तर थर्मामीटर बिघडला असे समजू नये.

दोन्हीकडे सारखाच फरक, समजा दोन अंश जास्त, दिसत असेल तर तेवढे मनात वजा करावे आणि थर्मामीटरवर चिठ्ठी चिकटवावी. तबकडीच्या बहुतेक थर्मामीटरना मागे एक नट असतो, बर्फात ठेवून तो पान्याने फिरवून काटा शून्यावर आणता येतो. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर आधी सेल बदलून पाहावा, तरीही तसेच झाले तर तो टाकून द्यावा.

आजींचे दही, आकड्यांसह

१. दूध उकळी येईपर्यंत तापवा, मग मंद आचेवर ८५ ते ९० अंशांत पाच-दहा मिनिटे ठेवा.

२. खाली उतरवून निवू द्या. मोजण्याआधी पळीने ढवळा. कडेचे दूध आधी निवते, मधले गरम राहते, आणि न ढवळता घेतलेला आकडा फसवतो. साय वर हवी असेल तर ती कडेने अलगद बाजूला करून टोक आत सोडा.

३. ४५ अंश दिसले की अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा विरजण थोड्या दुधात मोडून मिसळा. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीच गरम असते, तेव्हा ४० अंशही पुरतात आणि विरजण थोडे कमी घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत ४५ वर लावून पातेले जाड टॉवेलात गुंडाळावे किंवा पिठाच्या डब्यात ठेवावे.

४. सहा ते आठ तास हलवू नका. लागले की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आंबट होत जाते.

५. श्रीखंडासाठी चक्का टांगायचा असेल तर गुढीपाडव्याच्या उन्हात तो रात्रभर बाहेर टांगू नका. चाळणीवर फडके घालून, खाली भांडे ठेवून फ्रीजमध्येच पाणी निथळू द्या.

काडी प्रत्येक वेळी वापरण्याआधी आणि नंतर साबणाने धुऊन, गरम पाण्यातून काढून कोरडी करावी. वरचा आकड्यांचा भाग नळाखाली धरू नये. कच्च्या अंड्याला किंवा मटणाला लावलेली काडी न धुता दुधात घालू नये.

कोजागरीचे दूध: मंडळासाठी नियम

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कोजागरीला आपण चाळीस लिटर मसाला दूध दुपारीच आटवून तयार ठेवले. पातेले झाकून बाजूला ठेवले आणि सगळे सजावटीला लागलो. रात्री झाकण काढले तेव्हा दुधाला वास येत होता. कोणी म्हणाले, ‘‘पुन्हा उकळा, काही होत नाही.’’ सुदैवाने एका काकूंनी ऐकले नाही आणि सगळे दूध ओतून दिले. वर्गणीचे पैसे गेले, मुले हिरमुसली. पण काकूंचे बरोबर होते.

मोठ्या पातेल्यातले दूध आपोआप निवायला तासन्तास लागतात. तेवढा वेळ ते ६० आणि ५ अंशांमधल्या धोक्याच्या पट्ट्यात राहते. तिथे जंतू वाढतात, आणि त्यातले काही असे विष सोडतात की जे पुन्हा उकळल्याने नाहीसे होत नाही. जंतू मरतात, विष उरते. तांदळाच्या खिरीलाही हेच लागू आहे. म्हणून वास आला नसला तरी दुपारपासून कोमट पडून राहिलेले दूध उकळून वाटणे बरोबर नाही. अशा वेळी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्रास होतो तो लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना.

त्यानंतर आम्ही हे ठरवले आहे:

• दूध शक्यतो कार्यक्रमाआधी दोन तासांत तयार करायचे.

• तयार झाल्यावर वाटप होईपर्यंत मंद आचेवर ६० अंशांच्या वर राखायचे. एक जण दर अर्ध्या तासाने ढवळून मोजेल आणि पातेल्याजवळच्या कागदावर वेळ व आकडा लिहील.

• थंड दूध द्यायचे असेल तर एका मोठ्या पातेल्यात निववायचे नाही. उथळ परातींत आणि लहान पातेल्यांत वाटून, ती बर्फाच्या पाण्यात ठेवून, ढवळत निववायचे आणि मग फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवायचे.

• दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिलेले दूध कोणी कितीही आग्रह केला तरी वाटायचे नाही.

या कामाला जावईबापूंचा तबकडीचा थर्मामीटर अगदी योग्य निघाला. दांडी लांब असल्यामुळे हात वाफेपासून दूर राहतो, चाळीस लिटरच्या पातेल्यात ती हवी तेवढी बुडते, आणि मोजायचे तापमानही त्याच्या पट्टीत बसते. आजींनी तो मंडळाला देऊन टाकला आहे. तो भांड्यांच्या कपाटात, वरच्या खणात, वेगळ्या पिशवीत ठेवलेला असतो. घेऊन जाणाऱ्याने नोंदवहीत नाव लिहावे आणि धुऊन परत आणावा.

बोट आणि आकडा

बैठकीत एक तक्रारही झाली, आणि ती आम्हाला रास्त वाटते. एक मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्या सासूबाईंनी कधी मोजले नाही, आणि त्यांच्यासारखे दही आजही कोणाला जमत नाही. आता काय काडीवर स्वयंपाक करायचा?’’

त्यांना आमचे उत्तर असे. सासूबाईंचे बोटच थर्मामीटर होते, आणि चांगले होते. पण ते बोट त्यांच्याबरोबर गेले. गावाकडून इथे आलेल्या सुनेला, होस्टेलवर राहणाऱ्या नातवाला, परदेशातल्या लेकीला ते बोट देता येत नाही. चव्वेचाळीस अंश हा आकडा मात्र फोनवरही सांगता येतो. ज्यांच्या हातात अजून ते कसब आहे त्यांनी एकदा आपल्या बोटाला ‘बरोबर’ वाटेल तेव्हा काडी घालून पाहावी आणि आकडा लिहून ठेवावा. मोजल्याने हातचे कसब कमी होत नाही, ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

आजी आता डिजिटल काडीचा थर्मामीटर वापरतात. जावयाने तोही पाठवला, आकडे मोठे असलेला. बोट आता दुधात जात नाही, त्यामुळे भाजतही नाही. आणि दही पूर्वीसारखेच, पातेले आडवे केले तरी न हलणारे, लागते. विरजण हवे असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत वाटी घेऊन जावी, असे त्यांनी सांगितले आहे.

मधुमेह असलेल्या सर्व सभासदांना एक विनंती आहे. दूध, आंघोळीचे पाणी, शेकण्याची पिशवी यांची ऊब केवळ हाता-पायांनी पारखू नका. जाणीव हळूहळू कमी होते आणि आपल्याला ते कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा, किंवा सरळ मोजा. आणि बोटे किंवा पाय बधिर वाटत असतील तर ते पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.